कालची रांगोळी

आयुष्यात मी एकाच बाईवर मनापासून जळले, आणि ती आमच्याच घरात राहत होती. माझी वहिनी, कौसल्या. घरात सगळे तिला कौसा म्हणायचे. आता तिनं सत्तरी गाठलीय, मी तिच्या मागोमाग आहे, दोघींचेही गुडघे गेलेत, आणि तरी तिचा फोन आला की मी अजून थोडी जळतेच. लोक आठवणी लिहायला बसले की सगळ्यांना माफ करून मोकळे होतात. मला ते जमायचं नाही. मी जशी जळले तशीच लिहिणार.

आमचं घर नगरच्या केडगावात, पुणे रस्त्यापासून जरा आत. दोन खोल्या, पुढं अंगण, मागं धुण्याचा दगड आणि एक शेवगा. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर. सुट्टीच्या दिवशी घरात पडल्या पडल्या नुसत्या गिअरच्या आवाजावरून सांगायचे, ‘ही पाथर्डी-पुणे चालली, आज अर्धा तास लेट.’ सकाळी शेजारच्या हमीदाचाचींच्या कोंबड्या, मग नळाला पाणी आलं की हंड्याकळशांची आदळआपट, मग आईची भाकरीची थाप. हुलग्याचं शेंगोळं ज्या दिवशी असेल त्या दिवशी लसणाच्या फोडणीनं अख्खी गल्ली खोकायची. आई फार कमी बोलायची आणि हसायची तर त्याहून कमी. मी लहानपणापासून तिला हसवायच्या मागं होते. नकला केल्या, परीक्षेत नंबर आणले, काही उपयोग झाला नाही.

पण दार माझं होतं. सडा आईचा, रांगोळी माझी. अकरा ते अकरा, एकवीस ते एकवीस, मधे कमळ, कडेनं मोर. वर्तमानपत्राच्या कागदाला मी उदबत्तीनं भोकं पाडून ठेवली होती. तो कागद जमिनीवर धरायचा, वरून रांगोळी भुरभुरायची, कागद उचलला की ठिपके एका ओळीत. एक रेघ इकडची तिकडं होत नसे. दिवाळीत गल्लीतल्या बायका माझी वही मागायला यायच्या आणि मी ती द्यायची नाही. हमीदाचाची सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “शैला, तुझी रांगोळी म्हंजे छापल्यासारखी!” मला तेव्हा ते कौतुकच वाटायचं. त्यात काय कमी होतं ते पुढं कळलं.

कौसावहिनी पाथर्डीकडची. तिचे आईवडील दर साली उसतोडीला जायचे, म्हणजे दिवाळी झाली की बैलगाडीत संसार घालून कुठल्यातरी साखर कारखान्यावर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, उन्हाळ्यापर्यंत. अण्णांच्या गाडीत ही मंडळी नेहमीची. एकदा गाडी फेल होऊन दोन तास रस्त्यात उभी होती आणि सगळे प्रवासी अण्णांवर ओरडत होते, तेव्हा ही पोरगी धुळीनं भरलेल्या मागच्या काचेवर बोटानं चित्र काढत बसली होती. चित्रात अण्णाच होते, ओरडणाऱ्या लोकांच्या मधे, कानात बोटं घालून. अण्णा घरी येऊन म्हणाले, “आपल्या वसंताला मुलगी बघितली.” वसंत म्हणजे माझा दादा. तो कधी कुठल्या गोष्टीला नाही म्हणाला नाही, यालाही म्हणाला नाही.

दादाच्या लग्नानंतर पंधरा दिवसांनी मला ताप आला. सकाळी पडूनच होते. बाहेरून एक आवाज आला तो मी आधी ओळखलाच नाही. आई हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, भिंतीला टेकून हसत होती. मी पांघरूण घेऊनच दारात गेले. अंगणात ना ठिपका, ना मोर. एक पातेलं काढलेलं, त्यातून दूध उतू जाऊन थेट उंबऱ्यापर्यंत आलेलं, एक मांजर ते चाटतंय आणि कोपऱ्यात एक बाई डोक्याला हात लावून बसलीय. आदल्या दिवशी आईच्या हातून दूध उतू गेलं होतं आणि त्यावरून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. आता तीच ते चित्र बघून हसत होती! हमीदाचाची कप खाली ठेवून धावत आल्या. “या अल्ला, मांजर तर बघा! आमचीच आहे ही, लबाड!” वहिनी रांगोळीची वाटी घेऊन बाजूला उभी, चेहऱ्यावर काही नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ताप उतरला तो त्या रागानंच उतरला असणार.

तेव्हापासून दार तिचं झालं. मला कुणी दूर हो म्हणालं नाही, पण बघायला लोक तिचंच यायचे. रोज नवं. नळावरची भांडणं. दादाच्या सायकलची चेन निसटून त्याचे काळे झालेले हात. अण्णा दाढी करताना फुगवतात तो गाल. मी चिडून पहाटे तिच्या आधी उठायला लागले. अंधारात सडा घालून, कागद धरून, एकवीस ते एकवीस काढून मोकळी. वहिनी उठायची, बघायची, “वन्सं, झ्याक हाय,” म्हणायची आणि वाटी घेऊन मागच्या दारी जायची. तिथं धुण्याच्या दगडाशेजारी काढायची. आठ दिवसांत हमीदाचाची आमच्या पुढच्या अंगणातून, माझ्या कमळाच्या कडेनं, कप सांभाळत मागच्या दारी जायला लागल्या. जाताना माझ्याकडं बघून ओशाळं हसायच्या, ते तर मला जास्तच झोंबायचं.

एकदा मी तिला विचारलंच. ती शेंगोळी वळत होती. हुलग्याच्या पिठाची बोटभर वळी करून तिला गाठ मारायची, एवढंच काम. पण तिच्या हाताखाली एखादं शेंगोळं बेडूक होऊन बाहेर यायचं, एखाद्याचा विंचू व्हायचा. म्हटलं, “वहिनी, तुला रोज सुचतं कुठून?”

“सुचायचं काय त्यात? काल झालेलं काढायचं.”

“आणि काल काहीच झालं नसलं तर?”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, मी खुळ्यागत काही विचारलंय असं. “काईच झालं न्हाई, असा दिस असतोय व्हय, वन्सं? कोपीत आमची आई दिसभर उसात. मी धाकट्याला सांभाळायची. खेळनं न्हाई, पाटी न्हाई. चुलीतली राख घ्यायची आन् त्येला दाखवायचं, बघ, काल बैल कसा बसला हुता, बघ, मुकादम कसा घसरला. त्यो हसायचा. त्यो हसला की माजं पोट भरायचं.”

मी “हं” म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवशीचं शेंगोळं मी खाल्लं नाही. बेडूक कोण खाणार, म्हणाले. खरं तर मला रडू येत होतं, कारण मी तिच्याहून चार बुकं जास्त शिकलेली, त्याच घरात राहत होते, तेच दूध, तेच मांजर, तोच फुगलेला गाल रोज बघत होते, आणि मला त्यात काहीही दिसलेलं नव्हतं.

मग राहात्याचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घरची पेरूची बाग. त्याआधी दोन स्थळांनी मला बघून ‘कळवतो’ म्हणून कळवलं नव्हतं, आणि अण्णा आता वर्षात रिटायर होणार होते. हे जुळावं म्हणून आईनं उपास धरला होता. मलाही हवं होतं. फोटोतला मुलगा फोटो काढणाऱ्याकडं न बघता बाजूला कुठंतरी बघत होता, ते मला आवडलं होतं.

त्या काळी मुलगी बघायला येणार म्हटलं की अख्खी गल्ली कामाला लागायची. आमच्या भिंतीवर हमीदाचाचींनी भरलेले उशांचे अभ्रे लागले, पलीकडच्या घरातला मण्यांचा राजहंस आला, कुणाचं तरी लोकरीचं तोरण दारावर चढलं. पाहुण्यांनी विचारलं की म्हणायचं, ‘सगळं मुलीनंच केलंय.’ सगळ्याच घरांत असं म्हणायचे, आणि ऐकणाऱ्यांच्याही मुली त्याच तोरणाखाली खपलेल्या असायच्या, त्यामुळं त्यात खोटं काही आहे असं कुणाला वाटायचं नाही. तेही एक वेळ चाललं असतं. पण आदल्या रात्री आई अंथरूण घालताना, माझ्याकडं न बघता म्हणाली, “उद्या रांगोळी कौसाला काढू दे. तुझे ठिपके काय, रोजचेच आहेत.”

मी रात्रभर उशी चावली.

सकाळी बघते तर अंगणात मीच. आदल्या दिवशी मी मागच्या पायरीवर हरभऱ्याचा डहाळा सोलत बसले होते. तेच काढलं होतं. वेणी खांद्यावरून पुढं आलेली, समोर डहाळ्याचा ढीग, ताटलीत मोजून दोन दाणे आणि एक गाल फुगलेला. नाकसुद्धा माझं जसं आहे तसंच, बोंडासारखं. ती मला इतकी नीट बघते हे मला सहन झालं नाही. पायानं पुसून टाकावं असं मनात आलं, आणि तेवढ्यात रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

मुलगा, त्याचे वडील आणि मावशी. सगळा कारभार मावशींच्या हातात होता हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. त्या अंगणातच थांबल्या. चष्मा वर केला आणि मोठ्यानं हसल्या. “अगो बाई! मुलगी आत बघायच्या आधी दारातच बघून झाली. आणि खादाड आहे हं! कुणी काढली?”

“आमच्या शैलानंच,” आई म्हणाली. अभ्रे दाखवताना म्हणाली असती तितक्याच सहज.

पोहे दिले. चमचा एक कमी पडला. मुलानं काही न बोलता आपला चमचा मावशींच्या बशीत ठेवला आणि स्वतः हातानं खायला लागला. ते मी बघितलं. वाटलं, हा बरा आहे. वाटलं, हे जुळलं पाहिजे. आणि नेमकं तेव्हाच मावशी म्हणाल्या, “ते अभ्रे-बिभ्रे असू देत, सगळ्यांकडं तेच असतात. मुली, तू आमच्यासमोर एक अशीच काढून दाखव. मोठी नको, हातभर.”

अण्णा पंख्याकडं बघायला लागले. दादानं वाटी आणून माझ्या हातात दिली. तो तेव्हाही नाही म्हणाला नाही. मी दाराबाहेरच्या ओट्यावर बसले, चिमूट भरली आणि सवयीनं एक ठिपका टाकला. दुसरा टाकला. तिसरा.

“ठिपके कशाला? तशीच काढ की, बाहेर काढलीस तशी.”

चिमूट हातात तशीच राहिली. काल काय झालं, काल काय झालं, असं मी मनात म्हणत होते आणि डोळ्यांपुढं काही म्हणता काही येईना. तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे खाली ठेवून पुढं आली. घरात नवीन सून, पाहुण्यांपुढं तोंड उघडायची तिची प्राज्ञा नव्हती, तरी बोलली. “मावशीबाई, काल त्येंचं बोट भाजलंय तव्यावर. चिमूट धरवंना. तरी सकाळी हौसंनं काढली त्येंनी.”

सुटले होते मी. मावशी “अरेरे” म्हणाल्यासुद्धा. गप्प बसले असते तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण माझ्या डोक्यात एकच आलं, की आता हिनं मला वाचवायचंसुद्धा? चित्र हिचं, कौतुक हिचं, आई हिची, आणि वर हे उपकार? मी वाटी आपटली आणि ओरडले, “खोटं आहे! माझं बोट भाजलेलं नाही. ती रांगोळी हिची आहे. मला नाही येत. मला ठिपक्याशिवाय काही म्हणजे काहीही काढता येत नाही!”

पुढं आमच्या नात्यात ही गोष्ट ‘शैला कशी खरं बोलली’ म्हणून सांगितली जायची. माझ्या मुलांनाही ती तशीच माहीत आहे. ते साफ खोटं आहे. खरेपणाचा आणि माझा त्या क्षणी काडीचा संबंध नव्हता. मी जळून बोलले. नातीनं परवा कुणाची तरी छापील स्टिकरची रांगोळी ‘मी काढली’ म्हणून स्टेटसला टाकली, तेव्हा सूनबाई तिला माझंच उदाहरण द्यायला लागली. मी उठून गॅलरीत गेले.

मी आतल्या खोलीत पळाले ते पाहुणे गेल्यावरही बाहेर आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही तोंडावर चादर घेऊन पडून होते. दुपारी मात्र भुकेनं उठवलं. चुलीजवळ बसून खाली मान घालून दीड भाकरी खाल्ली, मिरचीचा ठेचा आणि तेल घेऊन. एवढं सगळं होऊनही भूक लागते आणि भाकरी गोड लागते याची मला लाज वाटली. वहिनी वाढत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही, बोलले तर नाहीच, पुढं महिनाभर बोलले नाही.

राहात्याहून काही उत्तर यायच्या आतच आईनं मध्यस्थाकडून कळवून टाकलं, पत्रिका जमत नाही म्हणून. त्यांच्याकडून नकार ऐकायचा तिला धीर नव्हता. आणि त्याच दिवशी तिनं वहिनीला सांगितलं, “कौसा, ती चित्रं बास आता. दारात नको नि मागं नको. त्यांनीच घात केला.” घात मी केला होता, सगळ्यांसमोर केला होता, पण आई माझी होती. वहिनी “व्हय, आत्याबाई” म्हणाली आणि वाटी माझ्या खिडकीत आणून ठेवली.

दार परत माझं झालं. अकरा ते अकरा, एकवीस ते एकवीस. हमीदाचाची आपल्या दारातच चहा प्यायच्या, माझ्या रांगोळीकडं बघायच्या आणि कप विसळायला आत जायच्या. आई पूर्वीसारखी गप्प झाली. मी वाट बघत होते वहिनीचा चेहरा पडायची. तेवढं तरी मिळायला हवं होतं मला! पण ती आपली धुणं धुताना गुणगुणत असायची. मला कळेना, हिचं एवढं काढून घेतलं तरी हिचं सुख कमी कसं होत नाही.

एका सकाळी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले तर ती काठवटीसमोर बसलेली. बाजरीचं पीठ काठवटीत पसरलं होतं आणि ती त्यात बोटानं काहीतरी करत होती. मी मागून वाकून बघितलं. नळावर भांडणाऱ्या दोघी, एकीचा हंडा दुसरीच्या पायावर. आदल्या दिवशीचंच. तिनं क्षणभर बघितलं, एकटीच हसली, मग त्यावर गरम पाणी ओतलं आणि पीठ मळायला घेतलं. त्या चित्राची भाकरी झाली आणि दादानं डब्यात नेली. म्हणजे ही बया थांबलीच नव्हती! फक्त बघणारं कुणी उरलं नव्हतं, आणि तिचं त्यावाचून काही अडत नव्हतं. माझा हेवा त्या दिवशी जितका पेटला तितका आधी कधी पेटला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळेला मला परत तहान लागली. तिसऱ्या दिवशीही. वहिनीनं कधी मागं वळून बघितलं नाही. फक्त पाणी ओतायला ती थोडी थांबायला लागली, मी बघून होईपर्यंत.

पुढं माझं लग्न झालं, नगरातच. आता पाट्यांवर अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडून अजून नगरच निघतं. यजमान चांगले होते, तक्रार नाही. रांगोळी मी सोडली, पण एक वही केली आणि रोज सकाळी त्यात लिहायला लागले, काल काय झालं ते. पहिली दोन वर्षं नुसते ठिपकेच होते म्हणा. मग हळूहळू दिसायला लागलं. हे जे लिहितेय ते त्या वह्यांच्या सवयीवरच चाललंय, आणि ती सवय कुणाची हे सांगायला नको.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी वहिनीला फोनवर वाचून दाखवलं. कधी नव्हे ते वाटलं, आज मी तिच्या बरोबरीनं काढलंय. सगळं आलंय, मांजर, चमचा, डहाळा. तिनं मधे मधे “व्हय, व्हय” करत सगळं ऐकलं. मग म्हणाली, “लई झ्याक लिवलंय, वन्सं. पन त्यो पोरगा गेला कसा त्ये न्हाई लिवलं.”

“कसा गेला म्हणजे?”

“तुमी आत रडत हुता. मावशी आन् म्हातारा गेलं की रांगोळी तुडवून, तरातरा. त्यो मागं राह्यला. चपला काडून हातात घेतल्या, आन् भिंतीच्या कडंकडंनं, सांदीतनं गेला. तुमच्या चित्राला पाय लागू दिला न्हाई. फाटकात जाऊन परत वळून बघितलं त्येनं. लई वेळ.”

म्हटलं, “वहिनी, इतक्या वर्षांत हे सांगितलं नाहीस?”

“तुमी बोलत कुटं हुता माज्यासंगं? आन् मला सांगाया कवा येतंय? मला काडायला येतंय.” आणि पुढं म्हणाली, “काडलं हुतं की दुसऱ्या दिशी, काठवटीत. त्यो, त्येच्या हातातल्या चपला, त्येची वळल्याली मान. लई वेळ पानी न्हाई वतलं, तुमी उठून याल म्हून. तुमी काय आला न्हाई.”

“मग?”

“मग काय, केली भाकर. तुमीच तर खाल्ली ती दुपारी.”